खाल्लेले अंगी लागेना

मित्रांनो, मी आठ वर्षांचा एक अल्सेशियन कुत्रा आहे आणि माझे नाव ढब्बू. जबलपूरला मदन महलच्या टेकडीच्या बाजूला आमचे घर आहे. कुत्रा आपली गोष्ट सांगायला बसला की लोकांना वाटते, आता हा चोर कसा पकडला ते सांगणार. मी चोर कधी पकडला नाही, उलट काही दिवस मीच चोर होतो. माझी गोष्ट लाजेची आहे. त्यातली थोडी लाज माझी आणि बरीचशी घरातल्या आईची. ती मी सांगतो, कारण आईवर माझा जीव आहे आणि मी ती सांगायला तिचीही आता हरकत नसेल, असे मला वाटते.

आईचे नाव विनता. ती एका शाळेत विज्ञान शिकवते. तिचे यजमान शरच्चंद्र, म्हणजे आमचे बाबा, वीज खात्याच्या कचेरीत आहेत. मी घरी आलो तेव्हा त्यांची मुलगी चिन्मयी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. बाबांच्या कचेरीतल्या एका साहेबांच्या बंगल्यावर माझा जन्म झाला. सहा भावंडांत मी सगळ्यात गुटगुटीत. टॉवेलात गुंडाळून बाबांनी मला घरी आणले आणि फरशीवर ठेवले तेव्हा माझे पोट जमिनीला टेकत होते. चिन्मयी हसून म्हणाली, "हा तर ढब्बू आहे!" तेच नाव पडले.

पहिली दोन वर्षे सुखाची गेली. आई पहाटे मला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी फिरायला जायची. मोठमोठ्या शिळांमधून मी पळायचो आणि ती मागून हाक मारायची. वाटेत भेटणारे लोक थांबून म्हणत, "क्या शानदार कुत्ता है, मैडम!" साखळी धरलेला आईचा हात जरा वर यायचा. मला ते कळायचे.

मग तिसऱ्या वर्षी मला भूक लागायला लागली.

मित्रांनो, तुम्हाला लागते तशी ती भूक नव्हती. वाटी चाटून पुसून संपली की तिथल्या तिथे पुन्हा भूक लागायची, जणू काही खाल्लेच नाही. मी पोळ्या चोरल्या. साबण खाल्ला. भिंतीचा पोपडा नखांनी उकरून खाल्ला. बाबांच्या चपलेचा पट्टा खाल्ला. आणि मी आणखी एक गोष्ट खाल्ली. मी माझीच विष्ठा खाल्ली. हे सांगताना आजही माझे कान मागे जातात. मागच्या अंगणात आईने मला ते करताना पाहिले. तिने झाडू उचलला आणि त्याच्या मुठीने मला दोन तडाखे दिले. मार फार लागला नाही. पण त्या दिवसानंतर मी तिचा हात चाटायला गेलो की ती हात मागे घ्यायची.

इतके खाऊनही मी वाळत चाललो. बरगड्या मोजता येऊ लागल्या. दिवसातून सात-आठ वेळा मला बाहेर जावे लागे, आणि दार उघडायला उशीर झाला की घरातच व्हायचे. पिवळट, तेलकट, ढीगभर. त्याचा वास तीन खोल्यांत जायचा. मी कोपऱ्यात तोंड लपवून बसायचो. मला कळायचे की हे चूक आहे, पण थांबवता येत नव्हते.

शेजारचे श्यामसुंदरजी एकदा फाटकापाशी उभे राहून आईला म्हणाले, "भाभीजी, कुत्ते को खाना-वाना देती हैं कि नहीं? हड्डियाँ निकल आई हैं बेचारे की."

"देते तो हैं भाईसाहब, कीड़े हो गए हैं," आई हसून म्हणाली. ते हसू फाटकाच्या आत येईपर्यंतही टिकले नाही.

जंतांचे औषध मला तीन वेळा पाजले. कोणी म्हणाले, दुधात तूप घालून द्या, अंग धरेल. तुपाने तर आणखी वाईट झाले. टेकडीकडे जाणे बंद झाले. आई मला मागच्या बोळातून फिरवायची, कोणी उठायच्या आधी, आणि कोणी दिसले की वळायची. पूर्वी माझ्यामुळे वर येणारा तो हात आता पदर सारखा करत असायचा.

शेवटी आईने ठरवले की हा खातो म्हणून हागतो, तेव्हा खाणेच कमी करायचे. एका वेळेला तांदळाची पातळ पेज, बस. तिने हे दुष्टपणाने केले नाही. पोटाला आराम पडेल, असे तिला खरेच वाटत होते. निदान सुरुवातीला वाटत होते. नंतर मी दाराला नखे घासू लागलो तरी तिने ते चालू ठेवले.

"आई, तू काहून उपाशी ठेवून राहिली त्याला? डॉक्टरकडे नेऊ न," चिन्मयी म्हणायची.

"डॉक्टर काय सांगणार? हावरा आहे तो. सवय लागली की राहील."

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे त्यांचा मोठा थाट असतो. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील. शाळेतल्या बाया, नात्यातल्या बाया, सगळ्या जेवायला. मला मागच्या खोलीत कोंडले होते. दाराची कडी जुनी होती. पुरणाचा वास आला आणि मी दारावर उड्या मारत राहिलो. कडी निघाली.

पुढचे थोडक्यात सांगतो. आरती संपून बाया नमस्कारासाठी वाकत होत्या. मी त्यांच्यामधून धावत गेलो आणि महालक्ष्म्यांसमोरच्या केळीच्या पानावरचा नैवेद्य खाऊ लागलो. पुरणपोळी, भात, पान, सगळे. बाबा ओढत होते, मी पानाला चिकटलो होतो. आणि मग भरल्या घरात, आईने पहाटे उठून काढलेल्या रांगोळीवर, मला आवरले नाही.

बायांनी नाकाला पदर लावले. कोणीतरी म्हणाले, "अग बाई, किती दिवसांचा उपाशी आहे हा!"

आईने मला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. सगळे आवरून झाल्यावर ती बाबांना म्हणाली, "अहो, याला कुठंतरी घेऊन जा. मला हा नको."

"बीमार आहे तो, आई!" चिन्मयी रडत होती.

"मला नको," आई पुन्हा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला गाडीत घातले आणि शहराबाहेर पनागर गावी नेले. तिथे दिवाकर म्हणून एक शेतकरी आहेत. मूळचे विदर्भातले. हिवाळ्यात मटार आणि फूलकोबी घेऊन ते आमच्या घरी येतात, म्हणून ओळख. बाबा त्यांना म्हणाले, "इथं मोकळा राहील. शहरात कोंडल्यासारखं होतं त्याला." मग साखळी दिवाकरांच्या हातात देऊन ते गाडीकडे गेले. एरवी ते निघताना माझ्या डोक्यावर थाप मारत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. गाडी वळली आणि धूळ बसेपर्यंत मी उभा राहिलो.

दिवाकरांच्या घरधनीण शकुबाई. दोन गाई, एक म्हैस, आणि सगळ्यांचे शेण काढणाऱ्या त्या एकट्या. त्यांनी मला भात-ताक दिले, मी गिळले, आणखी दिले, तेही गिळले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर शौचाला बसून उठलो आणि शकुबाई काडी घेऊन तिकडे येताना दिसल्या. मी शेपूट पायांत घालून दूर सरकलो. काठी घेऊन येणारे माणूस काय करते, ते मला माहीत झाले होते.

"पळतो काहून? काही नाही म्हणत तुले," त्या म्हणाल्या. आणि मित्रांनो, त्या खाली बसल्या. काडीने माझी घाण उकलून पाहू लागल्या. मग त्यांनी हाक मारली, "अहो, इकडं या जरा. पाहा न, भात जसा गिळला तसाच पडला. वरून कसं तेल चमकून राहिलं. याच्या पोटात काहीच जिरून नाही राहिलं."

"जंत असतील," दिवाकर म्हणाले.

"जंत? वीस वर्षांपासून शेण काढून राहिली मी. वासराचं शेण पाहून सांगते काय बिघडलं ते. हे जंत नाहीत."

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. फोन दिवाकरांच्या तळहातावर होता आणि आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मी कान टवकारले.

"शकुताई, तुम्हाला त्रास झाला, माफ करा," आई म्हणत होती. "हावराच आहे तो. दिसेल ते खातो."

"हावरा नाही ताई, उपाशी आहे. दिवसातून पाच खेपा खाऊन उपाशी आहे. अन्न याच्या अंगी लागूनच नाही राहिलं. तुम्ही शिकलेल्या, मी तुम्हाले काय सांगू?"

"उद्या येतो आम्ही," फोनमधून आईचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बाबांची गाडी पुन्हा आली. आत आई आणि चिन्मयी होत्या. मला वाटले, मी धावत जाईन. पण पाय उचलला गेला नाही. आईही गाडीजवळच उभी राहिली. आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता उभे होतो. शेवटी शकुबाईंनीच साखळी तिच्या हातात दिली आणि वर एक झाकणाचा डबा दिला. "यात नमुना आहे. डॉक्टरले दाखवा." आईने तो डबा जबलपूरपर्यंत मांडीवर धरला. वाटेत मी मागच्या सीटवर घाण केली. बाबांनी गाडी थांबवली. आई उतरली आणि आपल्या रुमालाने, मग हाताने, सगळे पुसू लागली. माझ्यावर ओरडेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. ती ओरडली नाही.

डॉक्टरांचे नाव प्रणाली. त्यांनी मला काट्यावर उभे केले. "अठरा किलो. याच्यासारख्याचं तीस तरी हवं." डबा उघडून पाहिला, माझे पोट दाबले आणि विचारले, "गेल्या महिन्यात खायला काय देत होता?"

"दोन वेळचं," आई म्हणाली. "भात, दूध, पोळी."

चिन्मयीने मान वळवून आईकडे पाहिले.

"मधे कुठे बाहेर होता का?"

"चार दिवस शेतावर होता. हवापालट म्हणून."

डॉक्टरांनी तसेच लिहून घेतले. मी टेबलाखाली आईच्या पायांशी बसलो होतो. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी माझे रक्त घेतले आणि बाहेरगावी तपासायला पाठवले. आठवड्याने निकाल आला. डॉक्टर म्हणाल्या, "जंत नाहीत, हावरटपणा नाही. याचं स्वादुपिंड पाचक रसच बनवत नाही. अन्न पोटात जातं, पण फुटत नाही, तसंच बाहेर पडतं. म्हणून हा कितीही खाल्लं तरी भुकेलाच. भूक अशी लागली की जनावर माती खातं, घाण खातं."

"स्वादुपिंड म्हणजे?" बाबांनी विचारले.

"हिंदीत अग्न्याशय," आईने उत्तर दिले. मग ती हळूच म्हणाली, "आठवीला शिकवते मी. बावीस वर्षं झाली. फळ्यावर चित्र काढते, बाण दाखवते. यह न हो तो भोजन पचेगा नहीं, असं मुलांकडून वदवून घेते." आणि ती खोलीबाहेर गेली.

हा आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो. तो कसा सांभाळतात ते ऐका. माझ्या प्रत्येक जेवणात पाचक रसाची एक भुकटी घालावी लागते. बिनतेलाचे, मऊ शिजवलेले जेवण, त्यात भुकटी, थोडे कोमट पाणी. मग वीस मिनिटे थांबायचे. त्या वीस मिनिटांत ती भुकटी वाटीतच अन्न फोडायला लागते. जेवण दिवसातून तीनदा, थोडे थोडे. काही आठवडे गोळ्या, आणि ताकदीचे इंजेक्शन आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. मधे कोणी पोळीचा तुकडा टाकला तर तोही चालत नाही. एक वेळ चुकली की दुसऱ्या दिवशी पोट बोलते.

आईने हे सगळे स्वतःकडे घेतले. मागच्या पायरीवर वाटी ठेवून ती घड्याळ घेऊन बसायची. मी समोर, लाळ गळत. पहिले काही दिवस ती वाटीकडेच बघायची, माझ्याकडे नाही. पाचव्या दिवशी सकाळी चिन्मयी अंगणातून ओरडली, "आई! घट्ट झाली! बाबा, या न, घट्ट!" बाबा अर्धी दाढी केलेल्या तोंडाने धावत आले. तिघेही माझी विष्ठा बघत उभे होते आणि हसत होते. मला इतका संकोच वाटला की मी तुळशीच्या मागे जाऊन बसलो.

चुकाही झाल्या. एकदा शाळेच्या घाईत आईने भुकटी नीट न भिजवता दिली. त्याने माझ्या हिरड्या सोलल्या गेल्या, पाण्याच्या भांड्यात रक्त उतरले. आई त्या दिवशी शाळेत गेलीच नाही. आणि एकदा पावसाळ्यात ती भुकटी पंधरा दिवस गावात कुठेच मिळेना. डॉक्टर म्हणाल्या, तोवर बकऱ्याचे ताजे स्वादुपिंड चालेल, कच्चेच, बारीक करून. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. बाबा म्हणाले, मी जातो. आई म्हणाली, "नाही, मीच जाते." मटणाच्या दुकानासमोर ती तोंडाला ओढणी बांधून उभी राहिली आणि डॉक्टरांनी काढून दिलेले चित्र दुकानदाराला दाखवले. त्याला समजेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे मैडम, आप यहाँ?" तिच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील होते.

चिन्मयी गाडीत माझ्याजवळ होती. तिने आणि मी दोघांनी पाहिले. आईने क्षणभर खाली मान घातली. मग तोंडावरची ओढणी सोडली. "हाँ, मैं. मेरे कुत्ते का अग्न्याशय खराब है," ती म्हणाली, आणि स्वतः पुढे होऊन दुकानदाराला बोटाने दाखवू लागली, "यह आमाशय के पास, यह गुलाबी वाला."

त्या पंधरा दिवसांतलीच एक दुपार. वाटी भिजत होती. आई पायरीवर बसली होती आणि हाताला अजून मांसाचा वास होता. ती अचानक बोलू लागली, आवाज अगदी हळू. "तू मरत होतास आणि मी पेज देत होते. एकच वेळ. लोक काय म्हणतील, एवढंच होतं डोक्यात." मला यातले सगळे कळले नाही, पण तिचा आवाज कळला. मी भीत भीत तिचा हात चाटला. या वेळी तिने तो मागे घेतला नाही.

हळूहळू माझ्या अंगावर मांस आले. अठराचे बावीस झाले, बावीसचे अठ्ठावीस. केस पुन्हा चमकू लागले. लोक पुन्हा थांबून कौतुक करू लागले, आणि श्यामसुंदरजी म्हणाले, "भाभीजी, आपने तो इसे बचा लिया." आई दर वेळी साखळी ओढून पुढे निघायची. हे कौतुक तिला मागच्या टोमण्यांपेक्षा जास्त टोचते, हे मला साखळीतून जाणवायचे. खरे काय घडले ते तिने बाहेर कोणालाच सांगितले नव्हते. डॉक्टरांच्या कागदावर अजून "दोन वेळचं" आणि "हवापालट" असेच लिहिलेले होते.

पाच वर्षे अशीच गेली. मागच्या महिन्यात मी इंजेक्शनसाठी दवाखान्यात गेलो होतो. बाकावर आई, खाली मी. समोर एक गृहस्थ एक तांबूस कुत्री घेऊन बसले होते. तिच्या तोंडाला जाळी होती आणि बरगड्या दिसत होत्या. ती जाळीतूनच जमीन चाटत होती. गृहस्थ शेजारच्या बाईंना सांगत होते, "बहुत लालची है जी. कितना भी दो, पेट नहीं भरता. घर भर में गंदगी करती है. घरवाले कह रहे हैं, आज बस खुजली की दवा ले लो, फिर गाँव की तरफ छोड़ आओ."

आईची साखळीवरची पकड घट्ट झाली. मी वर पाहिले. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"भैया, मत छोड़िए," ती म्हणाली.

"आप नहीं समझेंगी मैडम. आपका तो तंदुरुस्त है."

"मैंने छोड़ा था इसे." दवाखान्यात आठ-दहा माणसे होती. सगळी बघू लागली. आई थांबली नाही. "यही कुत्ता. मैं भी कहती थी लालची है. झाड़ू से मारा. महीना भर एक टाइम माड़ पिलाया, और लोगों से कहा कीड़े हैं. फिर पनागर में छुड़वा दिया. साइंस पढ़ाती हूँ मैं, और मुझे दिखा नहीं. एक गाय पालने वाली को दिखा."

डॉक्टर प्रणाली दारात येऊन उभ्या होत्या. आईने त्यांच्याकडे वळून मराठीत म्हटले, "तुम्हालाही मी खोटं सांगितलं होतं डॉक्टर. दोन वेळचं देत नव्हते. कागदावर दुरुस्त करा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या म्हणाल्या, "करते. ढब्बूचा नंबर आहे, या."

आई उठली नाही. तिने त्या गृहस्थांना हात केला. "पहले आप जाइए. खुजली के साथ पेट भी दिखाइए."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आपल्या कुत्रीकडे पाहिले. मग त्यांनी साखळी ओढली आणि ती तांबूस कुत्री आत गेली. तिला माझाच आजार निघाला की दुसरा काही, मला माहीत नाही. पण परत जाताना त्यांच्या हातात रक्त तपासायची चिठ्ठी होती, आणि कुत्रीच्या तोंडाची जाळी काढलेली होती.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. आमचे दुखणे कधी चोरी होऊन बाहेर पडते, कधी घाण होऊन. आणि तुम्ही रागावता, कारण चार लोकांत तुमची मान खाली जाते. मला ते समजते. माझीही मान खालीच होती. पण तुमच्या घरातले जनावर असे वागू लागले, तर झाडू उचलण्याआधी एकदा खाली बसा आणि बघा. वास येईल. लाज वाटेल. तरी बघा.